ओला दोरा

दुकानात येणारे सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिवणकामात आयुष्य गेलं होतं आणि आपल्या बोटांवर त्यांचा भलता विश्वास होता. बायकोच्या बुबुळाचा आकार बिघडला, चष्म्याने भागेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला एक कडक, इवलीशी लेन्स दिली. पण स्वतःचं बोट जवळ आलं की ती डोळा गच्च मिटून घ्यायची.

"आण इकडे," मास्तर म्हणाले. "सुईच्या नेढ्यात दोरा घालतो मी. डोळा तर केवढा मोठा."

तेव्हापासून रोज सकाळी ती खुर्चीत मान मागे टाकून बसायची आणि मास्तर लेन्स बसवायचे. लेन्स बसली की ती आधी त्यांच्याच तोंडाकडे बघून म्हणायची, "दाढी नीट झाली नाही." मग काजं-बटणं करायला घ्यायची. एवढा संसार झाला, पण बायकोचा चेहरा असा रोज ओंजळीत धरायला मिळाला तो आत्ता कुठे, आणि खरं सांगायचं तर मास्तरांना ते फार आवडायचं.

एक दिवस डोळा लाल झाला. कचरा गेला असेल म्हणून तिने अंगावर काढलं. मग उजेडही सोसेना, तेव्हा मास्तर तिला दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. "बुबुळाला जखम झालीय, जंतू शिरलेत. वेळेत आवरले नाहीत तर नजर जाईल. लेन्सला काय लागलं होतं? आठवून सांगा, त्यावर औषध ठरवायचंय."

मास्तर आठवू लागले, तेवढ्यात बायको म्हणाली, "नळाचं पाणी. मीच धुतली होती."

घर येईपर्यंत मास्तरांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "बाटलीतलंच औषध वापरायचं म्हणून बाई कानीकपाळी ओरडल्या होत्या. बाटली काय शोभेला आणलीय?" ती डोळ्यावर रुमाल धरून मुकाट चालत होती. एरवी एकाचे दोन ऐकवणारी बाई आज गप्प कशी, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी ते मशीनवर बसले. दोरा तोडला, टोक ओठांत धरून ओलं केलं, आणि तिथेच हात थबकला.

रोज सकाळी लेन्स उचलण्याआधी असंच बोट जिभेवरून फिरत होतं. कोरड्या बोटाला लेन्स धरत नसे. हात आपला सवयीने करून मोकळा होई, मास्तरांना पत्ताच नसे. पण खुर्चीतून त्यांच्याकडेच बघत बसलेल्या बायकोला ते रोज दिसत होतं.

ते आतल्या खोलीत गेले. पडदा ओढून ती पडली होती.

"तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "किती हौसेने लावत होता तुम्ही. एकदा मी बोटाबद्दल बोलले, तर म्हणालात, हात धुतलेत की."

"आणि बाईंसमोर खोटं बोललीस?"

"माझा डोळा तुमच्यामुळे गेला असता, तर तुम्ही जन्मभर झुरला असता."

मास्तरांनी चपला पायांत सरकवल्या आणि तडक दवाखाना गाठला. बाकांवर पेशंट बसलेले होते, त्यांच्यादेखत ते बोलले. "लेन्स मी थुंकीने ओली करत होतो. बायकोने माझ्यासाठी खोटं सांगितलं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "तोंडातले जंतू वेगळे, पाण्यातले वेगळे. बरं झालं लगेच आलात," म्हणाल्या आणि औषध बदलून दिलं.

डोळा वाचला. बुबुळाच्या कडेला एक बारीक पांढरा ठिपका मात्र राहिला, तो कायमचा. नवी लेन्स आली तेव्हा मास्तरांनी डबी तिच्यापुढे ठेवली. "माझे हात नकोत आता."

"मला माझ्या बोटाची भीती वाटते," ती खुर्चीत मान टाकत म्हणाली. "तुमच्या कधीच वाटली नाही."

मास्तरांनी साबणाने मनगटापर्यंत हात धुतले, स्वच्छ पंच्याने कोरडे केले, आणि शाळेतल्या पोरासारखे उलटसुलट करून तिला दाखवले. बाटलीतलं औषध लेन्सवर सोडलं. लेन्स नीट बसली.

तिने डोळे मिचकावले, त्यांच्याकडे पाहिलं. दाढीचं काही बोलली नाही.

मास्तर मशीनवर बसले. दोरा तोडला आणि सवयीने तोंडाकडे नेला. तिने तो वरच्यावर काढून घेतला, टोक कात्रीने तिरकं कापलं आणि कोरडाच सुईत ओवला.

"मला दिसतंय," ती म्हणाली. "चालवा मशीन."