उपाशी आतडं

आमच्या ह्यांनी आयुष्यभर माझ्या आमटीला नावं ठेवली. कधी पाणचट, कधी आंबट. त्या आठवड्यात मात्र रोज "छान झालीय" म्हणू लागले. नवरा एकाएकी इतका गोड झाला की खुशाल समजावं, काहीतरी लपवतोय.

हे म्हणजे मधुसूदन, संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस होते. नळ्या, व्हॉल्व्ह दाबाखाली तपासायचे आणि गळका तुकडा लाल रंग मारून बाद करायचे. निवृत्त झाल्यावर आम्ही चेन्नईतल्या अंबत्तूरलाच राहिलो. गेल्या वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली. तिथले टाके भरून येईपर्यंत लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावली होती, म्हणजे खालच्या भागाला आराम. आता ते तोंड परत आत जोडायचं होतं, तारीखही मिळाली होती. आणि हे म्हणाले, जोडायचं नाही, पिशवी बरी आहे.

खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलले. त्या बंद भागातून, शौचाच्या वाटेने, रक्त येत होतं.

"त्यात काही जातच नाही, विमल. तरी बाहेर येतंय. म्हणजे तुकडाच बाद. गाठ परत आलीय."

डॉक्टरांना सांगितलं का, तर नाही. स्वतःच तपासलं, स्वतःच निकाल दिला आणि मुकाट्याने माझी आमटी गोड मानून घेतली. मला इतका संताप आला की रडायचंही सुचेना. तशीच रिक्षा केली आणि त्यांना गाठ काढणाऱ्या डॉक्टर कीर्तनांकडे नेलं. त्यांनी दुर्बिणीने आत पाहिलं, एक कण काढून तपासणीला पाठवला.

निकाल यायला चार-पाच दिवस होते. तेवढ्यात हे मला इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कसं घालायचं ते शिकवायला लागले. मी शिकले नाही. मुद्दामच.

निकालाच्या दिवशी डॉक्टर आधी हसल्या, म्हणून माझा जीव भांड्यात पडला. कॅन्सर नव्हता. मग त्यांनी तमिळमध्ये समजावलं. आपण रात्री भात पाण्यात घालून ठेवतो, सकाळी तो आंबलेला असतो ना, तसंच मोठ्या आतड्यात चालतं. न पचलेला चोथा तिथले जंतू आंबवतात, त्यातून काही आम्लं तयार होतात, आणि आतड्याचं अस्तर मुख्यतः त्यांच्यावरच जगतं. वरून काही येईनासं झालं की जंतूंना चोथा नाही आणि अस्तराला खायला नाही. मग ते सुजतं, त्यातून रक्त येतं.

"भाग खराब नाहीये, सर," त्या म्हणाल्या. "उपाशी आहे. जोडला की जेवेल."

ह्यांनी एवढंच विचारलं, की जोडायची तारीख थोडी अलीकडे घेता येईल का. मी मनात म्हटलं, आतडंही धन्यासारखंच, जेवायला उशीर झाला की डोकं फिरतं.

ऑपरेशन झालं. नंतर वॉर्डात सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते, पोटातून वारा कधी सरतो, म्हणजे जोडलेलं आतडं चालू झालं. नर्स विचारायची, डॉक्टर विचारायच्या, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसातून सुनेचा फोन यायचा तोही त्यासाठीच. सासऱ्यांशी हे बोलायचं म्हणजे तिला संकोच, म्हणून रुचिरा मला आडून आडून विचारायची.

तिने रजा घेतली त्या दिवशी ती ह्यांच्या उशाशी मोसंबं सोलत बसली होती आणि तेव्हाच ते झालं. चांगलं दणदणीत. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थसुद्धा वळून बघायला लागले. ह्यांनी लाजेने चादर तोंडावर ओढून घेतली. रुचिरा मोसंब्याकडेच बघत राहिली, पण तिचे खांदे हलत होते.

आणि मी, जी इतके दिवस रडले नव्हते, ती तोंडाला पदर लावून हमसाहमशी रडायला लागले. नर्स धावत आली, कुठे दुखतंय म्हणून विचारू लागली. मी तिला हाताने सांगितलं, कुठेच नाही.