तीन दिवसांचं पीठ एकदम

मध्येच "असं कसं होईल?" विचारणाऱ्यांनी आत्ताच उठावं. झालं ते असं झालं.

पिपाणीची मावशी पाव भाजायची. तिच्याकडे एका बरणीत खमीर होतं, तिच्या आईच्या हातचं. बावीस वर्षांपूर्वी आई गेली, घर विकलं, राहिली ती ही बरणी. रोज पहाटे उठून त्यातलं खमीर पावाच्या पिठात घालायचं, मूठभर उद्यासाठी ठेवायचं, त्या मुठीला थोडं पीठ-पाणी द्यायचं आणि ढवळायचं. मावशीला तीन दिवस परगावी जायचं होतं. पाव बंद, पण बरणी तिने नऊ वर्षांच्या भाचीवर सोपवली. पिपाणी हे भाचीचं टोपणनाव. आवाज ऐकला की का ते कळतं.

पिपाणीने डोकं चालवलं. रोज रोज कोण उठणार? पहिल्याच दिवशी तीन दिवसांचं पीठ एकदम घालून बाई मोकळ्या झाल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

तिसऱ्या दिवशी दुपारी बघते तर झाकण जमिनीवर, बरणी रिकामी, आणि फरशीवरची चिकट पावलं थेट भट्टीमागच्या भिंतीत शिरलेली. मावशी संध्याकाळी येणार होती. श्वास रोखून ती भिंतीच्या फटीत घुसली.

पलीकडचा देश फुगणारा होता. घरं सकाळी बसकी, दुपारी दुमजली. लोकांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. बाजारात जाताना ते शिडी सोबत नेत, म्हणजे परतल्यावर दारापर्यंत पोचता येई.

पावलं नदीपाशी संपली. काठावर अख्खा मिठाचा बनलेला नावाडी मांडीवर चाळण घेऊन बसला होता. एक नंबरचा खडूस.

"का आलीस ते हिच्यात बोल," तो म्हणाला. "कोंडा उरला तर नाव सुटणार नाही."

"बरणी गळकी होती." चाळणीत कोंडाच कोंडा.

"मावशीने नीट सांगितलं नव्हतं." आणखी कोंडा.

नावाड्याने जांभई दिली. "चालू दे. घाई तुला आहे, मला नाही."

पिपाणी रडकुंडीला आली. "मला कंटाळा आला होता!" ती किंचाळली. चाळणीत कणभरही उरलं नाही. नावाड्याने कानांतली बोटं काढून वल्हं उचललं.

पलीकडे एक मऊ, पांढरी टेकडी श्वास घेत पडली होती. तिच्यावर शेळ्या झोपल्या होत्या. तेच खमीर.

"घरी चल," पिपाणी म्हणाली.

"नाही येत, जा."

"उपाशी ठेवलं का तुला? तीन दिवसांचं दिलं की!"

"पोट फुटेस्तोवर दिलंस. पण झाकण लावलंस ते लावलंस. मी दोन दिवस वाट पाहिली. तुझी मावशी तापातसुद्धा यायची, ढवळायची, दोन शब्द बोलायची."

"मग ती येतेय ना आज!"

"आज येईल गं. पण तिच्यानंतर तूच ना?"

पिपाणीला फार वाईट वाटलं. 'आता कध्धीच कंटाळा करणार नाही' हे अगदी ओठांवर आलं होतं, पण तो कोंडाच निघाला असता. "कंटाळा तर येणारच मला," ती म्हणाली. "पण मी येईन. कुरकुरत येईन."

टेकडीच्या कडेचा मूठभर गोळा सुटा झाला. "एवढंच ने. बाकीचं इथेच राहू दे, शेळ्यांना सवय झालीय."

संध्याकाळी मावशी आली आणि पिपाणीने सगळं सांगून टाकलं. फुगणाऱ्या देशावर मावशीने विश्वास ठेवला नाही. तीन दिवसांच्या पिठावर लगेच ठेवला आणि भाचीची चांगली खरडपट्टी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी बरणीकडे निघाली, तर पिपाणी आधीच तिथे. केस पिंजारलेले, एक डोळा मिटलेला. "आले रे बाबा, आले," ती बरणीत चमचा फिरवत पुटपुटत होती.

मावशी दारातूनच मागे फिरली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा परत जाऊन झोपली.