खालचा कागद

मी तारेची टोपली बोलतेय. भाजीची नव्हे, कागदांची. कचेरीच्या टेबलावर डाव्या हाताला बसते ना, ती. अंगाला चार ठिकाणी गंज आहे. एक पाय आखूड, म्हणून त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली. तोंड वर करून बसलेली दिसले तरी मनातून मान खाली आहे, बरं का. का, ते सांगते.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. आठवतं ते दुकान आणि मला उलटसुलट करून बघणारे स्वामीजी. आपला मुलूख सोडून, समुद्र ओलांडून, धर्माचं काम करायला आलेले. मला वाटलं, आता रोज प्रवचन कानावर पडणार. कसलं काय! प्रवचन आठवड्यातून एकदा आणि कागद रोज. सभागृहाची परवानगी, गळक्या नळाची तक्रार, आग विझवायच्या नळकांड्याची तपासणी, सेवकांचे राहण्याचे परवाने, कुणाच्या नव्या घराला आशीर्वाद. सकाळची प्रार्थना आटोपली की स्वामीजी चष्मा पुसून बसायचे आणि वरून दहा कागद काढायचे. दहा निघायचे, बारा यायचे.

"हिचं पोट कधी भरतच नाही," टंकलेखक काका म्हणायचे. "अगदी आमच्या सासऱ्यांसारखी. वाढा म्हटलं की वाढा!"

मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं. भरलेली असले की मिरवायचे मी.

त्या घराची एक रीत होती. बाहेरच्या माणसाचा कागद वर ठेवायचा आणि घरातल्यानं आपला खाली सारायचा. आपलं काम पुढे दामटायचं नाही, हीसुद्धा सेवाच, असं स्वामीजींनी पहिल्या दिवशी सांगितलेलं. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. वरून दहाच निघतात, मग खालच्याचं काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या एक ताई होत्या. चौदा वर्षं चूल त्यांच्याकडे. एक दिवस वडिलांबद्दल भावाचं पत्र घेऊन कचेरीत आल्या.

"अण्णांना विसर पडत चाललाय, काका. सुनेचं नाव गेलं, राहती गल्ली गेली. भाऊ लिहितो, तू अजून त्यांच्या आठवणीत आहेस. रोज विचारतात. लवकर ये."

"मग थांबलीस कशाला? जा की!"

"स्वामीजींच्या सहीचं पत्र लागतं. नाहीतर परत येताना या देशात आत घेत नाहीत."

"मग त्यांना सांग. जीभ काय चुलीत घातलीस?"

"रीत आहे ना, काका. आणि त्यांना श्वास घ्यायला तरी फुरसत आहे का?"

त्यांनी माझ्यातला गठ्ठा अलगद उचलला, आपला अर्ज तळाशी सरकवला, गठ्ठा परत ठेवला. मी तो धरला. घट्ट धरला.

रोज पुसायला आल्या की ताई वाकून तारांमधून बघायच्या. "आलं का गं थोडं वर?" मलाच विचारायच्या. कुठून येणार? टपाल आलं की त्याच आपल्या हातानं त्याच्यावर चार कागद रचायच्या.

असे सात महिने गेले. मग परवान्यांची तपासणी आली आणि एक कागद सापडेना. स्वामीजींनी मला सरळ टेबलावर पालथी घातली. तळाचा अर्ज वर आला. माझ्या तारांचे चौकोन त्याच्यावर उमटले होते. मला वाटलं, टेबलानं गिळून टाकावं.

"ताई!" स्वामीजींनी तारीख वाचून हाक मारली. "सात महिने झाले. बोलला का नाहीत?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, स्वामीजी."

चिडून नाही हो म्हणाल्या. खरंच तसं वाटून म्हणाल्या. स्वामीजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. त्याच दुपारी सहीचं पत्र झालं.

महिन्यानं ताई परतल्या. काकांनी विचारलं, "ओळखलं का अण्णांनी?"

"पहिल्या दिवशी म्हणाले, या बाई, बसा. दुसऱ्या दिवशीही म्हणाले, या बाई, बसा." ताई फडक्यानं माझ्या तारा पुसत होत्या. "दोन महिन्यांपूर्वीपर्यंत माझी वाट बघत दारात बसायचे म्हणे."

मला आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी माझ्या आखूड पायाखालची घडी नीट केली आणि भाजी चिरायला गेल्या.

आता स्वामीजी खालून सुरुवात करतात. परवा ताईंनी पुन्हा एक अर्ज ठेवला. सवयीनं तळाशीच. सकाळी पहिला तोच हाताला आला. लिहिलं होतं, "अण्णांना भेटून येते. ओळखलं नाही तरी चालेल."

बाबांनो, कागद माझ्यात टाकलात म्हणजे सांगून झालं असं समजू नका. मला फक्त धरून ठेवता येतं.

स्वामीजींनी सही केली आणि ते पत्र द्यायला स्वतः उठले. मी त्यांची पावलं ऐकत होते. कचेरीपासून स्वयंपाकघरापर्यंत अकरा भरली.

अकराच पावलं होती हो.