अंगुलीनाथांचा आज्ञाधारक बाण

व्यायामशाळेचा हॉल खच्चून भरला होता. टेबल टेनिसची टेबलं भिंतीला सरकवून तिथे दीडेकशे मनगटं जमली होती: शिंप्यांची, न्हाव्यांची, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्यांची. सगळी दुखरी. समोर मोठा पडदा, त्यावर कॉम्प्युटरचा छोटासा बाण, आणि व्यासपीठावर पांढऱ्या कफनीतले अंगुलीनाथ.

त्यांनी हात वर नेला, बाण वर गेला. हात डावीकडे, बाण निमूट डावीकडे. आसपास माउसचा पत्ता नाही! लोकांनी आ वासला.

"मनगट म्हणजे काय? मनाचा गट!" अंगुलीनाथ गरजले. "निर्जीव बाण माझ्या मनाचं ऐकतो, मग तुमचं सजीव हाड का नाही ऐकणार? औषधं फेका, ऑपरेशनं रद्द करा! रोज हवेत एकशे आठ वेळा हात फिरवा!"

"ऐकलंस?" भावोजी मेहुणीच्या, म्हणजे धाकटीच्या कानाशी पुटपुटले. "हाडसुद्धा ऐकतं."

"भावोजी, हाडाला कान नसतात."

धाकटीला हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. कारण शेजारी बसलेल्या ताईनं मनगटाचा आधारपट्टा सोडून पर्समध्ये कोंबला होता. ताई वीस वर्षं एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढत होती. माउस धरून धरून उजवी बोटं बधिर झालेली, चहाचा कप हातातून सुटायचा. आणखी उशीर केला तर ताकद परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि परवाचं ऑपरेशन ती आज फोन करून रद्द करणार होती.

धाकटीचं कामच उपकरणं घडवायचं. तीन महिने ती ताईसाठीच एका कड्यामागे लागली होती. कडं मनगटात घालायचं, हात हलवला की बाण हलणार, माउस धरायला नको. सगळं जमलं होतं, एक खोड तेवढी जाईना. हात स्थिर धरला तरी बाण हळूहळू उजवीकडे सरकायचा. मग हात टेकवून तीन सेकंद गप्प बसलं, की स्वारी मध्यावर परत. भावोजी त्याला 'रुसकं कडं' म्हणायचे.

आणि इथे तिच्या डोळ्यांदेखत अंगुलीनाथांचा बाण उजवीकडे सरकू लागला. अंगुलीनाथांनी ताबडतोब हात मांडीवर टेकवून डोळे मिटले. "ध्यान!" शिष्य ओरडला. तीन सेकंदांत बाण मध्यावर. दहा मिनिटांत असं चार वेळा ध्यान लागलं. त्यांच्या उजव्या मनगटावर मण्यांची चांगली जाडजूड माळ होती.

धाकटी उभी राहिली.

"महाराज, बाण मनाचं ऐकतो की हाताचं?"

"मनाचंच, बाळ. हात निमित्तमात्र."

"मग मनातून त्याला 'थांब' म्हणा, आणि उजव्या हातानं मला आशीर्वाद द्या."

भावोजींना हा भक्तीचाच प्रकार वाटला. "द्या महाराज, द्या! माझी मेहुणी आहे!" ते टाळ्या वाजवत ओरडले. सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला.

हात जेमतेम उचलला गेला आणि बाण तिरपा पळाला. महाराजांनी हात दचकून मागे घेतला, तर बाण थेट कोपऱ्यात.

"आज मन जरा चंचल आहे," अंगुलीनाथ म्हणाले.

"मग प्रसादाची चिमूटभर साखर तरी द्या."

सुटलो, असं वाटून त्यांनी समोरच्या वाटीतली साखर चिमटीत धरली. धाकटीच्या कड्यात बोटं अशी जुळली की क्लिक व्हायचं, आणि इथेही झालं. बाण ज्या कोपऱ्यात बसला होता तिथलं बॅटरीचं चिन्ह दाबलं गेलं आणि एक खिडकी उघडली. तिच्यात ठळक अक्षरं होती. पहिल्या रांगेतल्या न्हाव्यानं ती खणखणीत आवाजात वाचली:

"उजव्या हाताचं कडं. बॅटरी चार टक्के. कृपया चार्ज करा."

"महाराज, मन चार्जिंगला लावा!" मागून कोणीतरी ओरडलं. शिष्य पडद्याची वायर ओढायला धावला आणि तिच्यातच अडकून पडला.

"माळेत एक चिप आहे," धाकटी लोकांना सांगू लागली. "हात किती वळला ते ती मोजते आणि कॉम्प्युटरला कळवते. मोजताना बारीक चुका होतात, त्या साठत जातात, म्हणून बाण सरकतो. ध्यान म्हणजे साठलेल्या चुका पुसणं. वस्तू उत्तम आहे, पण ती बाण हलवते, हात बरा करत नाही."

"म्हणजे तुझंच रुसकं कडं?" भावोजींचा चेहरा उतरला. "पण ते बघून मला कधी हात जोडावेसे वाटले नाहीत."

"कारण मी ते माळेत लपवलं नव्हतं."

ताईचे डोळे भरून आले. "चिरफाड टळेल असं वाटलं होतं. मला फार भीती वाटते गं."

"मलाही वाटते. म्हणून डॉक्टरांना शंभर प्रश्न विचार. ते कंटाळले तर पुढचे मी विचारीन."

ताईनं पर्समधून पट्टा काढला, मनगटाला बांधला आणि ती लोकांकडे वळली. "मी स्वतः फसले, म्हणून सांगते. जो आपल्या प्रश्नाला उत्तर देतो, त्याच्याच हातात आपला हात द्या. बाकी कितीही बाण हलवू देत."

मग डाव्या हातानं तिनं दवाखान्याचा फोन लावला.

"परवा मी येतेय," ती म्हणाली. "पण आधी माझे बरेच प्रश्न आहेत. वेळ आहे ना?"