परतीचे डबे

राजाभाऊंचा गंजका पाना ऋजुताने पुन्हा टाकायच्या पोत्यात घातला आणि राजाभाऊंनी तो पुन्हा बाहेर काढला. "अगो, पोफळीच्या वीजघरातला आहे तो," ते म्हणाले. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तिथे काढली होती, त्यामुळे हे कारण त्यांना पुरेसं वाटत होतं. पाना आता कशाला लागतो, हे मात्र त्यांना सांगता येईना.

पद्मजाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून हे बघत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर होता. पावसाळ्याआधी माळ्यावरची परात काढायला त्या स्टुलावर चढल्या आणि अडगळीसकट खाली आल्या, तेव्हा मनगट मोडलं. पुण्याला राहणाऱ्या लेकीने, ऋजुताने, तेव्हाच ठरवलं होतं की या घरातला पसारा एकदा काढायचाच. रजा मिळाली आणि ती आली ती जय्यत तयारीने. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं, अशी तीन पोती मांडली. वर्षभरात हात न लागलेली वस्तू बाहेर. नवी एक आली की जुनी एक जायची. आणि "लागेल कधीतरी" असं या घरात कोणी म्हणायचं नाही. राजाभाऊंची त्यामुळे फारच पंचाईत झाली होती.

पद्मजाबाईंनी मात्र कशाला ना म्हटलं नाही. कानतुटके कप गेले, मिक्सरची खोकी गेली, दिवाळी अंकांचे गठ्ठे गेले. त्यांनी एवढंच सांगितलं की ओट्याखालचं कपाट राहू दे, ते मी बघते.

त्या कपाटात डबे होते, आणि त्यातला एकही त्यांचा नव्हता. मनगट मोडल्यावर सगळ्या आळीने त्यांना जेवू घातलं होतं. कोणाकडून फणसाची भाजी आली, कोणाकडून घावन, कोणाकडून नुसता गरम, मऊ आटवल भात. डबे घासूनपुसून ठेवलेले होते. त्यात खोबऱ्याच्या वड्या घालून ते परत करायचे होते, कारण पद्मजाबाईंच्या वड्या म्हणजे आळीत एक प्रस्थ होतं. पंचायत समितीत टायपिस्ट होत्या तेव्हाही ऑफिसातून आल्यावर त्या उभ्या उभ्या वड्या थापायच्या. दिवसभर टाइप करून हात दुखत नाहीत का, असं कोणी विचारलं तर हसायच्या.

प्लॅस्टर निघाल्यावर एकदा, राजाभाऊ देवळात गेले असताना, त्यांनी नारळ खोवायला घेतला. कसाबसा खोवला. पण मिश्रण घोटायची वेळ आली तशी बोटं कालथा धरीनात. खालचं सगळं करपलं. ते त्यांनी परसात केळीच्या बुंध्याशी पुरलं आणि कढई घासून जागेवर ठेवली. लेकीचा फोन आला की हात ठणठणीत आहे म्हणून सांगत राहिल्या. डबे कपाटात वाट बघत राहिले, आणि त्या कपाटापुढून जाताना पद्मजाबाई दुसरीकडे बघू लागल्या.

ऋजुताची आवराआवर चालू असतानाच दुपारी त्या राजाभाऊंबरोबर रिक्षाने हाताच्या व्यायामाला गेल्या. परतल्या तेव्हा कपाट उघडं होतं. आत स्वच्छ कागद अंथरलेला होता आणि कागदावर काहीच नव्हतं. घामाघूम झालेली ऋजुता खुशीत होती. डब्यांवर नावं कोरलेलीच होती, त्यामुळे घरोघरी जाऊन तिने सगळे पोचते केले होते. आईचं ओझं कमी केलं असं तिला मनापासून वाटत होतं.

"रिकामे दिलेस?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"मग काय घालून देणार होते?"

पद्मजाबाईंनी कपाटाचं दार लोटलं. मग हळूच म्हणाल्या, "साखर तरी घालायचीस गो. चमचाभर."

ऋजुताचा चेहरा उतरला. लहानपणी आळीत डबे पोचवायला तीच जायची, आणि घरात काही नसेल तेव्हा आई डब्यात साखर घालून द्यायची, हे तिला आता आठवलं. पण ते इतकं महत्त्वाचं असेल असं तिला खरंच वाटलं नव्हतं.

दिवेलागणीला समोरची तुळसा आली. तिचा नवरा मुंबईला, ती इथे एकटी. पद्मजाबाई पडल्या तेव्हा पहिला डबा तिचाच आला होता. आज ती नेहमीसारखी स्वयंपाकघरात न येता पडवीतच उभी राहिली. गेल्या वर्षी ज्ञानेश्वरीबाई घर विकून दापोलीला मुलाकडे गेल्या, तेव्हा त्यांनी आळीतले डबे असेच एका दिवसात रिकामे परत केले होते. त्यावरून आता हे बिऱ्हाडही हललं, असं आळीने ठरवून टाकलं होतं. कोपऱ्यावरच्या आप्पांनी तर राजाभाऊंना वाटेत थांबवून घर भाड्याने देणार का म्हणून विचारलंसुद्धा.

"वयनी, तुमी पुण्याला चाल्लाव," तुळसा म्हणाली, "आनि आमाला सांगितलात पन नाय."

हसून वेळ मारून नेता आली असती. पोरीने चुकून दिले, असं म्हणता आलं असतं. पण तुळसाच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तिला फसवायचं पद्मजाबाईंच्या जिवावर आलं. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि मूठ मिटायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यावरच थांबली.

"कुठे जात नाही गो. हात उरला नाही माझा. वड्या होत नाहीत आता, म्हणून डबे राहिले."

ऋजुता दारात उभी होती. दर फोनवर ऐकलेलं "ठणठणीत" तिला आठवलं असावं. ती आत निघून गेली.

तुळसा घरी गेली आणि दुपारी रिकामा आलेला आपला डबा घेऊन परत आली. थेट स्वयंपाकघरात शिरली आणि तो तिने कोऱ्या कागदावर नेऊन ठेवला. "ऱ्हाव दे हितंच," ती म्हणाली. "आमाला काय घाय नाय."

आळीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. सकाळी दूधवाला येऊन जातो न जातो तोच एकेकजण आपापला डबा घेऊन आला, आणि कपाट पुन्हा भरत आलं. राजाभाऊंनी संधी साधून त्यातच मागच्या बाजूला आपला पाना सरकवला. ऋजुताने तो पाहिला आणि पुढचा डबा त्याच्यापुढे ठेवला.

तिची निघायची वेळ झाली. येताना चिवडा आणलेला तिचा डबा ओट्यावर पालथा घातला होता, तो ती बॅगेत घालू लागली.

"थांब," पद्मजाबाई म्हणाल्या.

त्यांनी साखरेच्या बरणीत चमचा घातला, उजव्या हाताने. ऋजुता पुढे झाली आणि मग तिथेच थांबली. चमचा बरणीच्या काठाला लागला, हिंदकळला, निम्मी साखर ओट्यावर सांडली. उरलेली डब्यात पडली. झाकण मात्र काही केल्या बसेना, तेव्हा पद्मजाबाईंनी डबा लेकीपुढे सरकवला आणि तिने ते दाबून लावलं.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाल्यावर त्या आत आल्या. ओट्यावरच्या साखरेला मुंग्या लागल्या होत्या. फडकं हाताशीच होतं. या वेळी मात्र पद्मजाबाईंनी काही पुसून टाकलं नाही.