किब्ल्याची सुई

"फिरली! सुई फिरली!" अख्खं आवार ओरडलं.

पीर बरकतशहांनी काठी होकायंत्रावर धरली होती. ओठ पुटपुटले की सुई सरकायची. भोपाळची ही नवी मशीद याच यंत्रावर बेतून इंजिनियरसाहेबांनी आखली होती. ते आता हयात नव्हते.

"विलायती यंत्रानंच कबुली दिली!" पीर गरजले. "नमाजाच्या किब्ल्याची भिंत काब्याकडे नाहीच. पाडा! मशीद माझ्या दर्ग्याशेजारी बांधा, तिथं सुई जागची हलत नाही."

दरबारच्या कारभाऱ्यांनी हुकूम सोडला, पहिला घाव उस्ताद कल्लन घालतील. माझ्या हाती पहिली थापी देऊन गवंडीकाम शिकवणारे उस्ताद या भिंतीवर दहा वर्षं राबले होते. त्यांनी हातोडा उचलला.

"चाचा, थांबा." मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या सितारा बी बुरखा सावरत पुढे आल्या. "पीरसाहेब, काठी बाजूला ठेवून दुआ म्हणा बरं."

"माझ्या गुरूची, मुर्शिदची काठी ती! खाली ठेवली तर शहरावर कोप होईल!"

"मग राहू द्या हातातच." त्यांनी आमच्या पेटीतले मूठभर बारीक खिळे काठीच्या टोकाखाली नेले. खिळे टपाटप चिकटले. चांदीच्या टोपणात लोहचुंबक दडवला होता.

"हा दुआचा जोर!"

"म्हणजे खिळेही तुमचे चेले-मुरीद झाले की!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. कारभारी मात्र हसले नाहीत. "काठी खोटी, कबूल. पण भिंत खरी कशावरून?"

सितारा बींनी आवारातल्या खुंटीकडे बोट केलं. तिच्या सावलीवरूनच आम्ही दुपारच्या नमाजाची वेळ ओळखायचो. खुंटीपासून फरशीवर इंजिनियरसाहेबांनी त्याच होकायंत्रानं उत्तररेषा कोरली होती. काब्याचा कोन धरून भिंत तिच्यावरूनच मापली होती.

"भर दुपारी सावली सगळ्यांत आखूड होते, तेव्हा ती नेमकी उत्तरेला पडते. बघा."

थंडीतलं ऊन होतं. सावली इंचाइंचानं आक्रसत, सरकत आली. ती रेषेवर बसली, तंतोतंत, आणि तिथून पुन्हा लांबू लागली. कारभाऱ्यांनी हुकूम मागे घेतला. पीरसाहेब तेवढ्यात गर्दीतून पसार झाले होते.

उस्तादांनी हातोडा खाली ठेवला. "बेटी, मी घाव घालणारच होतो गं."

"चाचा, दहा वर्षं रोज या सावलीवर नमाज पढलात. आज एकदा तिलाच विचारायचं होतं."

मला माझीच लाज वाटली. 'फिरली' म्हणून मीही ओरडलो होतो. लोकहो, दुआ जरूर मागा. पण कोणी दुआनं सुई फिरवून दाखवली, तर हातोडा उचलण्याआधी त्याची काठी तपासा.