किलवेनीतलं विजेचं कडं

गोल्फ स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी आमच्या किलवेनी गावच्या बिअर गार्डनमध्ये बसायला एक बाक रिकामा नव्हता. बापांच्या हातात बिअर, पोरांच्या हातात लेमोनेड, टेबलाखाली कुत्री. पण मोठ्या पडद्यावरचा खेळ कुणी बघत नव्हतं. सगळ्यांच्या माना मंचाकडे वळल्या होत्या. तिथे क्रिस्पिन लॅथम नावाचा फिरता विक्रेता तीन दिवसांपासून चमत्कार दाखवत होता.

त्याने आमच्या डूगल खाटकाला हात पसरून एका पायावर उभं केलं. दोन बोटांनी त्याचा तळहात दाबला. सहा फुटी डूगल कोलमडला. मग लॅथमने त्याच्या मनगटात तांब्याचं कडं घातलं आणि पुन्हा दाबलं. डूगल ढिम्म हलला नाही!

"बघितलंत? अंगातला प्रवाह जागेवर आला!" लॅथम ओरडला. "हे साधं तांबं नाही, मंडळी. वीज पडलेल्या डोंगराच्या पोटातलं आहे! गुडघे, पाठ, मधुमेह, फिट्स, सगळं बरं होतं. गोल्फचा चेंडूसुद्धा सरळ जातो!"

टाळ्या कडाडल्या. चाळीस पौंडांच्या कड्यासाठी रांग लागली.

मला हसू आलं. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते, असली बडबड ऐकून करमणूक होते. तेवढ्यात माझा भाऊ मर्डो दिसला. तो मैदानाची हिरवळ राखतो. सोबत त्याची नऊ वर्षांची एफी होती. तिच्या मनगटात कडं होतं आणि ओठ फुटून सुजला होता.

"काय गं झालं?"

"सकाळी फिट आली, उना आत्या."

मी मर्डोकडे वळले. "गोळ्या चालू आहेत ना?"

त्याने नजर चुकवली. "परवापासून बंद केल्यात. ओरडू नकोस. गोळ्यांनी प्रवाह अडतो म्हणाले ते. आजची फिट म्हणजे आजार बाहेर पडतोय."

"कोण म्हणालं?"

त्याने हनुवटीने मंच दाखवला.

माझं डोकं भणाणलं. "अरे, मरेल ती पोर!"

"दोन वर्षं गोळ्या खातेय ती," तो दबक्या आवाजात म्हणाला. "वर्गात पेंगते, पोरं चिडवतात. मला तिला हसताना बघायचंय गं."

मी त्याला तिथल्या तिथे डॉक्टरबाईंना फोन करायला लावला. नेहमीची गोळी आत्ता द्या आणि तासाभरात पोरीला इकडे आणा, असं त्या म्हणाल्या. गोळ्या मर्डोच्या खिशातच होत्या. फेकायचा धीर त्यालाही झाला नव्हता. एफीने लेमोनेडबरोबर गोळी गिळली.

"दहा मिनिटं थांब," मी म्हटलं आणि मंचावर चढले.

दोन कापडी पिशव्या मागवल्या. आडोशाला जाऊन एकीत कडं ठेवलं, दुसरीत चमचा. दोन्ही घट्ट बांधल्या. "साहेब, डूगल एकेक पिशवी धरेल. तुम्ही दाबा आणि कडं कशात आहे ते सांगा. सहा वेळा."

लॅथम हसला. "बाई, संशयी माणसासमोर प्रवाह आटतो."

"मघाशी तर प्रवाह डोंगराच्या पोटातून येत होता. आता माझ्या तोंडाकडे बघून पळाला?"

लोक खो खो हसले. आता त्याला मागे हटता येईना. दर वेळी मी आडोशाला जाऊन पिशव्या मिसळून आणत होते. सहापैकी चार वेळा तो चुकला.

मग मी डूगलच्या हातात कडं घातलं आणि त्याला एका बोटाने पाडलं. कडं काढून चमचा दिला, तर तो खांबासारखा उभा!

"यात जादू कसली?" मी म्हटलं. "पहिल्यांदा हात खाली दाबताना किंचित बाहेर ओढायचा, की तोल जातो. दुसऱ्यांदा तोच जोर आत, पायाच्या दिशेने लावायचा. घरी जाऊन करून बघा. आणि याच्या जोरावर या माणसाने एका पोरीच्या फिटच्या गोळ्या बंद करवल्या!"

"मी कुणालाही औषध बंद करायला सांगितलं नाही!" लॅथम किंचाळला.

"मला सांगितलंस," मर्डो उभा राहिला. "ती बघ माझी पोर. तिच्याकडे बघून बोल."

लॅथमने तिच्याकडे बघितलं नाही. तो पेटी भरायला लागला. कुणीतरी पोलिसांना फोन केला. डूगल लॅथमच्या वाटेत जाऊन उभा राहिला आणि पोलीस येईपर्यंत तिथून हलला नाही.

एक म्हातारी पुटपुटली, "पण माझा गुडघा खरंच कमी दुखतोय हो."

"बरं वाटलं तर आनंदच आहे, आजी. दुखणं आपोआपही कमीजास्त होतं. पण गुडघा डॉक्टरांना दाखवा," म्हणत मी मर्डो आणि एफीला घेऊन डॉक्टरांकडे निघाले.

मर्डो मूर्ख नाही. तो थकलेला बाप आहे, आणि लॅथमसारखी माणसं थकलेल्यांनाच हेरतात. म्हणून माझा राग अजून उतरत नाही. असा कुणी भेटला, तर टाळी वाजवण्याआधी त्याला विचारा : वस्तू डोळ्यांआड ठेवून करून दाखवशील का? आणि तो औषध सोडायला सांगत असेल, तर विचारत बसू नका. पोराचा हात धरा आणि थेट डॉक्टरांकडे जा.